मेम्फिसचा संप : चिंता कचऱ्याची, कामगाराची नाही

पालिकेच्या सफाई कामगारांनी पगारासाठी काम थांबवले की दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात एक ठरावीक मथळा येतो : ‘शहराचे आरोग्य धोक्यात’. ढिगाऱ्याचा फोटो, नाकाला रुमाल लावलेली माणसे, आणि साथीचे रोग पसरण्याची भीती. खाली मेस्माखाली कारवाईचा इशारा. आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतो आहोत तो यासाठीच. शहराच्या आरोग्याची काळजी संपाच्या दिवशीच का जागी होते, आणि ज्याच्या हातांवर ते आरोग्य उभे आहे त्याच्या ताप-खोकल्याचा, पाठदुखीचा, सुई टोचलेल्या बोटाचा हिशेब त्या बातमीत का नसतो, हे पाहण्यासाठी आपल्यापासून दूर, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जाऊ. तिथे १९६८ साली ६५ दिवस संप चालला. पालिका कशी वागते, काय बोलते, आणि शेवटी कशी नमते, हे सगळे त्या ६५ दिवसांत स्पष्ट दिसते.

आमच्या वाचकांना हा संप एका वेगळ्या कारणाने ऐकून माहीत असेल. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या याच संपाच्या काळात, मेम्फिसमध्येच झाली. पण किंग तिथे पोहोचले ते महिनाभरानंतर. गोष्ट सुरू होते ती दोन कचरा कामगारांपासून.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे कामगार कचरागाडीच्या मागच्या भागात, जिथे कचरा दाबला जातो तिथे, आडोशाला शिरले. गोऱ्यांच्या घरांच्या ओसरीवर काळ्या कामगारांनी पावसापुरतेही थांबलेले मालकांना खपत नसे. तक्रारी होत. म्हणून आडोसा उरला तो कचऱ्याचाच. गाडी जुनी होती. अशा गाड्या बदला, अशी मागणी कामगारांनी आधीपासून केली होती. यंत्रात बिघाड झाला, दाबपट्टी आपोआप चालू झाली आणि दोघे आत चिरडले गेले. वॉकर यांची पत्नी गरोदर होती. हे कामगार ताशी मजुरीवर, कायम यादीच्या बाहेरचे, त्यामुळे अपघात विम्याचा कायदा त्यांना लागू नव्हता. पालिकेने प्रत्येक कुटुंबाला एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले. विषय संपला, असे पालिकेला वाटले.

त्याच सुमारास आणखी एक प्रकार घडला होता. पावसामुळे काम बंद झाले तेव्हा गटार विभागातल्या काळ्या कामगारांना दोन तासांचा पगार देऊन घरी पाठवले. गोऱ्या देखरेख्यांना मात्र पूर्ण दिवसाचा पगार मिळाला. आपल्याकडे मुकादमाची हजेरी लागते आणि झाडूवाल्याचा खाडा पडतो, तसेच हे.

मेम्फिसमध्ये कचरा उचलण्याची रीत काय होती ते आरोग्याच्या दृष्टीने नीट पाहिले पाहिजे, कारण पुढे सगळे त्यातून येते. घरमालक कचरा रस्त्यावर आणून ठेवत नसत. कामगाराने परसात जायचे, तिथल्या डब्यातला कचरा आपल्या मोठ्या टबात ओतायचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत चालत यायचे. टबांना भोके पडलेली असत. कुजलेल्या अन्नाचे पाणी, अळ्या, सगळे मानेवरून शर्टात उतरत असे. हातमोजे नाहीत, गणवेश नाही, काम संपल्यावर अंग धुवायला नळ नाही, वाटेत लघवीला जागा नाही. जेवायला पंधरा मिनिटे. घरी आल्यावर हे लोक अंगणातच कपडे उतरवून मग आत जात. नागपूरच्या किंवा मुंबईच्या सफाई कामगारांच्या वसाहतीत वाढलेल्या वाचकाला याचे वर्णन करून सांगायची गरज नाही. दारात बादली आणि साबण ठेवून वाट पाहणारी आई आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली आहे.

मजुरी किती? ताशी पावणेदोन डॉलरच्या आसपास. अमेरिकेत त्या वेळी कायद्याने ठरलेली किमान मजुरी १.६० डॉलर होती, म्हणजे हे लोक तिच्या जेमतेम वर होते. आठवडाभर पूर्णवेळ राबूनही अनेक कुटुंबे गरिबांसाठीच्या सरकारी मदतीला पात्र ठरत. पालिकेचा नोकर आणि सरकारी मदतीचा लाभार्थी, दोन्ही एकच माणूस!

१२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार कामावर गेले नाहीत. त्यांचा नेता टी. ओ. जोन्स हा त्यांच्यातलाच, कचरा उचललेला माणूस. १९६३ मध्ये संघटना बांधल्याबद्दल पालिकेने तेहेतीस जणांना काढून टाकले होते, त्यांत तो होता. १९६६ चा संप न्यायालयाच्या मनाई हुकुमाने सुरू होण्याआधीच मोडला होता. आता मात्र हे लोक कोणत्याही मोठ्या नेत्याला न विचारता उतरले. मागण्या दोन मुख्य : पगारवाढ आणि संघटनेला मान्यता. त्यांच्याबरोबर सुरक्षित गाड्या, तक्रार ऐकण्याची पद्धत, आणि पावसाच्या दिवसाचा पगार.

आता पालिकेचा प्रतिसाद पाहा.

महापौर हेन्री लोब हे त्याच जानेवारीत पदावर आले होते. पूर्वी ते ज्या खात्याचे आयुक्त होते त्याच खात्यात कचरा विभाग येत असे. घरचा लाँड्रीचा मोठा व्यवसाय. म्हणजे कामगार काय खातो, काय नेसतो, याची माहिती नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांचे पहिले उत्तर : संप बेकायदा आहे, आधी कामावर या, मग बोलू. दुसरे उत्तर : बदली माणसे भरून पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्या बाहेर काढणे. तिसरे, आणि आमच्या मते सगळ्यांत कसबाचे : हा संप म्हणजे जनतेच्या आरोग्याला धोका आहे असे पुन्हा पुन्हा सांगणे. हजारो टन कचरा साचला होता हे खरे. उंदीर झाले असतील हेही खरे. पण टबातले कुजके पाणी तेराशे माणसांच्या मानेवर रोज गळत होते तेव्हा ते ‘जनतेचे आरोग्य’ नव्हते. तेच पाणी चौकात साचले तेव्हा झाले. जनता या शब्दात कोण येते आणि कोण येत नाही, ते संपात कळते.

नगरसभेत तेरा सदस्य होते, त्यांत तीन काळे. २२ फेब्रुवारीला कामगार सभागृहात जाऊन बसले आणि उठायला तयार होईनात. बायाबापड्यांनी ब्रेड आणला, सभागृहातच सँडविच बनली, गाणी झाली. समितीने संघटनेला मान्यता आणि पगारवाढ देण्याची शिफारस केली. लोकांना वाटले, जिंकलो. दुसऱ्या दिवशी पूर्ण सभेत ती शिफारस पातळ करून निर्णय महापौरांवर सोडण्यात आला आणि महापौर म्हणाले, हा अधिकार माझा एकट्याचा आहे. आपल्याकडे स्थायी समिती आयुक्तांकडे बोट दाखवते, आयुक्त राज्य सरकारकडे, आणि सरकार कंत्राटदाराकडे. मेम्फिसमध्ये निदान एकच बोट होते.

त्या दिवशी निराश होऊन परतणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी डोळ्यांत मेस नावाचे रसायन फवारले. धर्मगुरू, म्हातारे, कोणी सुटले नाही. या एका फवाऱ्याने पालिकेचे मोठे नुकसान केले. तोपर्यंत संपाकडे ‘कचरेवाल्यांचा पगाराचा प्रश्न’ म्हणून पाहणारे शहरातले मध्यमवर्गीय काळे लोक दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बाजूला आले. चर्चची मंडळी, शिक्षक, दुकानदार एकत्र आले. बाजारपेठेवर बहिष्कार सुरू झाला. संपकऱ्यांच्या घरी धान्य आणि भाड्याचे पैसे पोचवण्याची व्यवस्था चर्चमधून झाली. संपाच्या इतिहासात भाषणांची आठवण राहते, पण साठ दिवस पगाराविना घर चालते ते पिठामुळे.

या आघाडीचे नेतृत्व जेम्स लॉसन या तरुण पाद्र्याकडे होते. आणि इथे गोष्ट थेट आपल्या नागपूरला येते. लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. मुलांना खेळ शिकवत. माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली आणि आनंदाने उडी मारली, असे ते स्वतः सांगत. १९५६ मध्ये ते परत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपुरातच दीक्षा दिली. ज्या शहरात आपल्या लाखो लोकांनी माणूस म्हणून उभे राहायचे ठरवले, त्याच शहराच्या रस्त्यांवरून मेम्फिसच्या संपाचा हा संघटक तीन वर्षे फिरला होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण अमेरिकेतला काळा माणूस आणि इथला अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य बाबासाहेबांनी आधीच ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. आणि किंग भारतात आले असताना केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली गेली. आधी ते चमकले, मग विचार करून म्हणाले, होय, मी अस्पृश्यच आहे.

लॉसन यांच्या बोलावण्यावरून किंग १८ मार्चला आले. २८ मार्चच्या मोर्चात कामगारांच्या हातात फलक होते, त्यावर चारच शब्द : ‘मी एक माणूस आहे’. पगाराच्या संपाचा फलक, आणि त्यावर पगाराचा आकडा नाही. मोर्चात काही तरुणांनी काचा फोडल्या, पोलिसांनी लाठी, अश्रुधूर, सगळे वापरले. लोक आसऱ्यासाठी क्लेबॉर्न टेंपल या चर्चमध्ये शिरले तर तिथेही अश्रुधूर आला. लॅरी पेन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. सुमारे चार हजार सैनिक शहरात उतरले. दुसऱ्या दिवशी संपकरी संगिनींच्या रांगेसमोरून तोच फलक गळ्यात घालून शांतपणे चालत गेले. ३ एप्रिलच्या वादळी रात्री किंग पुन्हा बोलले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या गॅलरीत त्यांना गोळी घातली गेली.

महापौर तरीही लगेच नमले नाहीत. ८ एप्रिलला कोरेटा किंग यांच्यामागे हजारो लोक मूकपणे चालले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कामगार खात्याचे उपसचिव जेम्स रेनॉल्ड्स यांना तडजोडीसाठी पाठवले. १६ एप्रिलला करार झाला. १ मेपासून ताशी १० सेंट वाढ, १ सप्टेंबरपासून आणखी ५ सेंट. संघटनेला मान्यता, तक्रारीची पद्धत, बढतीत भेदभाव नाही. संघटनेची वर्गणी पगारातून पालिका थेट कापणार नाही, ती कामगारांच्या पतसंस्थेमार्फत कापली जाईल, अशी पळवाट काढून महापौरांचा शब्दही राखला गेला.

आता पैशांचे ऐका. पालिका दोन महिने म्हणत होती, तिजोरीत पैसे नाहीत. चालू आर्थिक वर्ष संपेपर्यंत ती पहिली वाढ द्यायला सुमारे साठ हजार डॉलर लागत होते. एब प्लाऊ या स्थानिक उद्योगपतीने ते नाव न सांगता दिले. साठ हजार डॉलर! एवढ्यासाठी एक पोरगा मेला, एक नेता मेला, चार हजार सैनिक आणले. सैनिकांचा खर्च किती आला असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. पालिकेला पैसे नसतात असे नाही. कोणत्या खात्यावर असतात एवढाच प्रश्न असतो.

संपाचे राहून गेलेले दुखणे वेगळेच होते. पुढे या कामगारांना पालिकेच्या निवृत्तिवेतनाऐवजी केंद्र सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेत ठेवले गेले. ती रक्कम पुरत नव्हती, म्हणून माणसे म्हातारपणीही गाडीवर राहिली. एल्मोर निकलबेरी १९५४ मध्ये कामाला लागले, संपात उतरले आणि ऐंशी ओलांडल्यावरही रात्रपाळीला गाडी चालवत होते. वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले. आम्हाला त्यात कौतुकापेक्षा झिजलेले गुडघे दिसतात. २०१७ मध्ये, म्हणजे ४९ वर्षांनी, मेम्फिस पालिकेने हयात संपकऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर द्यायचे ठरवले, नंतर ते ७० हजार केले. त्या वेळी यादीत चौदा जणांची नावे होती. तेराशेंपैकी चौदा.

आपल्याकडचा धागा

संप हा सफाई कामगारासाठी कधीच साधा पगाराचा वाद नव्हता. ब्रिटिश काळातल्या नगरपालिका कायद्यांत नोटीस न देता काम सोडणे हा झाडूवाल्यासाठी तुरुंगात जाण्याजोगा गुन्हा होता. बाबासाहेबांनी हे लोकांसमोर मांडले. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना त्यांनी कायदेमंडळात सांगितले की संप केला म्हणून कामगाराला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष रस्त्यावर होता. ‘अत्यावश्यक सेवा’ हा शब्द ऐकला की आम्हाला हे आठवते. ज्याचे काम अत्यावश्यक, त्याचे हातमोजे मात्र ऐच्छिक.

मुंबईत २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. त्यासाठी वर्षानुवर्षे लढावे लागले. मधल्या काळात त्यांच्यातले काही जण गेले. कंत्राटी असणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे. रोजंदारीवर असलेल्या माणसाला ताप आला तर खाडा परवडत नाही, म्हणून तो तापातच झाडतो. क्षयाच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात, दोन महिन्यांत बरे वाटले की दवाखान्याची खेप म्हणजे एक दिवसाचा पगार, म्हणून गोळ्या सुटतात. बाया पाणी पीत नाहीत, कारण चौकीवर शौचालय नाही किंवा असले तर कडी नाही. मग लघवीची जळजळ, मुतखडा, उन्हात चक्कर. हे आजार औषधाच्या दुकानात बरे होत नाहीत, ते पगारपत्रकात आणि चौकीच्या नळाला बरे होतात.

जाता जाता, लाड-पागे समितीच्या वारसा हक्काबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. बापाच्या जागी मुलाला नोकरी मिळते, घर टिकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बी.ए. झालेल्या मुलाच्या हातात त्याच चौकीतला झाडू येतो तेव्हा शिकलेला तो का आणि कोणासाठी, हे कोणी तरी विचारले पाहिजे.

संप असो वा नसो, काही गोष्टी आजच करण्याजोग्या आहेत. कचऱ्यातली सुई टोचली तर जखम पिळायची नाही, चोखायची नाही. वाहत्या पाण्यात साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, जितके लवकर तितके चांगले. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांची, पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतल्याची तारीख लिहून ठेवा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात पायाला भेग किंवा जखम घेऊन उतरू नका. ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे हे लेप्टोचे लक्षण असू शकते, तेव्हा मेडिकलवाल्याकडून ताप उतरवायची गोळी घेऊन थांबू नका आणि डॉक्टरांना आपले काम काय आहे ते आधी सांगा. मॅनहोलमध्ये कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू असतो. तो जास्त झाला की नाक वास घेणेच बंद करते, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असे कधीही समजू नये. आत पडलेल्या सोबत्याला वाचवायला उडी मारणारेच अनेकदा मरतात. माणसाला आत उतरवणे कायद्याने बंद आहे, आणि गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला किमान ३० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे.

आणि ज्यांच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते त्यांनी आपला विमा क्रमांक कंत्राटदाराकडून लेखी मागून घ्यावा. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळू शकते. क्षयासारख्या दीर्घ आजारात, नोकरीची अट पूर्ण असेल तर, ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत. कार्ड नसेल तर पगाराच्या पावतीची आणि हजेरीच्या वहीतल्या आपल्या पानाची छायाप्रत घरी ठेवा. कंत्राटदार बदलला की वहीही बदलते.